आपल्याकडं कुठलं आलंय सुरुंग?

आमच्या गणपती मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मी टाकलं की ४ एप्रिलला भूसुरुंग जनजागृती दिवस असतोय, यंदा आपण काहीतरी करूया, तर बराच वेळ कुणी काही बोललंच नाही, मग एकानं हसायची इमोजी टाकली आणि दुसऱ्यानं लिहिलं, "आपल्याकडं कुठलं आलंय गा सुरुंग? रताळी काढायला जाऊलोय की बॉर्डरवर?" त्याच्या खाली मग इमोजींची रांगच लागली. प्रश्न मात्र बरोबर आहे, म्हणून उत्तर इथं सविस्तर लिहितोय, ग्रुपवर एवढं लांब कोण वाचणार.

तर पहिली गोष्ट, आपल्याकडं भूसुरुंग नाहीत. बेळगाव तालुक्याचा पश्चिम भाग घ्या, खानापूर घ्या, तिकडं निपाणी-संकेश्वर घ्या, कुठंही कुणी सुरुंग पेरून ठेवलेले नाहीत. आपली बॉर्डर म्हणजे कर्नाटक-महाराष्ट्राची, शिनोळीचा फाटा, तिथं फार तर पेट्रोलच्या रेटमध्ये फरक पडतोय. भूसुरुंग म्हटलं की आपल्याला आठवते गडचिरोली, १ मे २०१९ ला ऐन महाराष्ट्र दिनी कुरखेड्याजवळ जांभुळखेड्याला पोलिसांची गाडी उडवली होती, १५ जवान आणि गाडीचा ड्रायव्हर गेला, ती बातमी आपल्या सगळ्यांनी टीव्हीवर बघितलीय आणि दोन दिवसांनी विसरलोय पण.

पण आपल्या गावातली पोरं कुठं आहेत ते बघा की. मराठा लाइट इन्फंट्रीचं सेंटर आपल्या दारात, रेजिमेंट १७६८ सालापासूनची, आपल्या पट्ट्यात गल्ली तिथं फौजी आहे, कुणी पूंछला, कुणी राजौरीला, कुणी कुपवाड्याला. म्हणजे ज्या जमिनीत खरोखरचे सुरुंग आहेत त्या जमिनीवर आपल्या आळीतली पोरं रोज पाय ठेवतात. आणि गेल्या वर्षी, म्हणजे २०२५ च्या मे महिन्यात, ऑपरेशन सिंदूरनंतर गोळीबार थांबला तेव्हा तिकडच्या गावकऱ्यांना पोलिसांनी सांगितलं होतं की घाई करून घरी परतू नका, न फुटलेले गोळे पडलेत, आधी ते नष्ट करू द्या. गोळीबार थांबला म्हणून धोका थांबत नाही, ही गोष्ट मला तेव्हा पहिल्यांदा नीट कळली आणि तिथनंच हे खूळ डोक्यात शिरलं.

आमच्या गल्लीत एक सुभेदार काका आहेत, बॉम्बे सॅपर्समधून पेन्शनीत आलेले, खडकीला ट्रेनिंग झालेलं. सॅपर्स म्हणजे फौजेचे इंजिनिअर, सुरुंग लावणारे पण तेच आणि काढणारे पण तेच. त्यांच्याकडं जाऊन बसलो. माणूस तसा बोलत नाही फारसा, पण विषय काढल्यावर चहा गार होईपर्यंत बोलत होते. १३ डिसेंबर २००१ ला पार्लमेंटवर हल्ला झाला, त्यानंतर ऑपरेशन पराक्रम, म्हणजे सगळी फौज बॉर्डरवर नेऊन उभी केली, तेव्हा राजस्थान-पंजाबच्या बॉर्डरला आपल्याच शेतकऱ्यांच्या शेतात सुरुंग पेरले होते. गहू असायचा तिथं तारेचं कुंपण आणि लाल त्रिकोणी पाट्या. लढाई झालीच नाही, पण काढायचं काम नंतर किती लांबलं ते काका बोटावर मोजत होते आणि मधेच मोजायचं सोडून देत होते. "लावायला एक रात्र पुरते, काढायला गुडघ्यावर बसून इंच-इंच जमीन टोचत जायचं," म्हणाले. आणि वाळू सरकते. डोंगरात पावसानं माती वाहते, बर्फ वितळतो, त्याबरोबर सुरुंग पण खाली येतो, म्हणजे नकाशात एका जागी आणि जमिनीत भलत्याच जागी. कुंपणाच्या बाहेर, पायवाटेवर, ओढ्याच्या काठाला.

मी विचारलं, केवढा असतोय हो? त्यांनी नुसता तळहात पुढं केला. माणसासाठीचा जो छोटा सुरुंग असतो, एम-१४ म्हणतात त्या जातीचा, तो प्लास्टिकचा असतो, तळहातात मावतो, आत जेमतेम ३० ग्रॅम दारू आणि साधारण ९ किलोच्या पुढं वजन पडलं की उडतो. ९ किलो म्हणजे अंगणवाडीतलं पोरगं पण त्यात आलं. हा सुरुंग माणूस मारायला बनवलेलाच नाही, पाय उडवायला बनवलाय, कारण मेलेल्याला सोडून बाकीचे पुढं जातात, पण जखमीला उचलायला दोघं-चौघं थांबावं लागतं. हे काकांनी एवढ्या सहज सांगितलं की मला पुढचं काही विचारायचं सुचलं नाही. पुण्याला वानवडीत आर्मीचं आर्टिफिशियल लिंब सेंटर आहे, १९४४ पासूनचं, तिथं त्यांच्या बरोबरचा एक जण होता, त्याला भेटायला ते जायचे, बस्स एवढंच सांगितलं आणि विषय बदलला.

ज्यांना वाटतं की हे सगळं मिल्ट्रीचं काम, आपला काय संबंध, त्यांच्यासाठी एक आकडा. २०२३ साली जगभरात सुरुंग आणि न फुटलेल्या दारूगोळ्यानं ५,७५७ माणसं मेली नाहीतर जखमी झाली आणि त्यात शंभरातली ८४ साधी माणसं होती, शेतकरी, गुराखी, लाकडं गोळा करणाऱ्या बायका, पोरं. माणसांसाठीच्या सुरुंगांवर बंदी घालणारा ओटावाचा करार १९९७ ला झाला, १ मार्च १९९९ पासून लागू आहे, भारतानं त्यावर सही केलेली नाही, चीन-पाकिस्ताननं पण नाही, अमेरिका-रशियानं पण नाही. यावर ग्रुपवर भांडण होणार हे मला माहीत आहे, ते वेगळ्या दिवशी करूया. आता मुद्दा मोहिमेचा.

मोहीम म्हटल्यावर आमच्या मंडळाची गाडी कुठं जाते ते सांगायला नको. बॅनर. आमच्यातल्या डिझायनर पोरानं रात्रीत एक डिझाईन करून टाकलं, काळं बॅकग्राउंड, मधोमध कवटी, खाली रक्ताचे थेंब, आगीचा लोळ, वर 'सावधान! मृत्यू दबा धरून बसलाय', आणि खालच्या पट्टीत आम्हा सगळ्यांचे गॉगल घातलेले फोटो, शुभेच्छुक म्हणून. (मृत्यूच्या शुभेच्छा देणारे आम्ही पहिलेच असू.) काकांना मोबाईलवर दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून, लांब धरून, नीट बघितलं आणि म्हणाले, "हे सगळं भारी आहे रे, पण बघणाऱ्यानं करायचं काय, ते कुठाय?"

माझ्या मते सगळी मोहीम या एका प्रश्नावर उभी आहे. घाबरवायला काही लागत नाही. घाबरलेला माणूस काय करतो तर एकतर दुर्लक्ष करतो नाहीतर दगड मारून बघतो. त्याला जे करायचंय ते चार शब्दांत सांगायला पाहिजे, आणि ते काकांनी जसं सांगितलं तसंच मी वहीत उतरवलंय. जमिनीवर अनोळखी काही दिसलं तर थांबायचं, हात लावायचा नाही, आल्या वाटेनं मागं फिरायचं, लांबवर एखादी फांदी नाहीतर फडकं बांधून खूण करायची आणि सांगायचं. दगड मारायचा नाही, काठीनं ढोसायचं नाही, वर पाणी ओतायचं नाही, पेटवून द्यायचं तर नाहीच. जवळ उभं राहून फोन लावायचा नाही आणि व्हिडिओ काढायला तर अजिबात थांबायचं नाही, हे शेवटचं आमच्या पोरांसाठी खास. यात एक फरक काकांनी दोनदा सांगितला, की वस्तू समोर दिसतेय तर मागं फिरायचं, पण जिथं सुरुंग पेरलेले आहेत अशा जागेत आपण आत आलोय हे मधेच कळलं, तर हलायचंच नाही, आहे तिथं उभं राहून हाका मारायच्या आणि माणूस येईपर्यंत वाट बघायची, मग चार तास लागोत. कारण आलेल्या पावलावर बरोब्बर पाऊल परत पडेल याची खात्री कुणाला? तो सल्ला आपल्या गावात लागणार नाही, पण फौजेत जाणाऱ्या पोरांच्या आई-बापांना तरी माहीत असू दे.

आता रंगाचं. बॅनर पिवळा करूया, लांबून दिसतोय, असं एकानं सुचवलं त्यावरून मला अफगाणिस्तानचं आठवलं. २००१ साली अमेरिकेची विमानं तिथं क्लस्टर बाँब पण टाकत होती आणि उपाशी लोकांसाठी जेवणाची पाकिटं पण टाकत होती. पाकीट पिवळं. क्लस्टर बाँबमधनं पडणारा छोटा बाँब, कोल्ड्रिंकच्या कॅनएवढा, तो पण पिवळा. आता उपाशी पोरगं काय करणार? पिवळं दिसलं की धावणार. मग रेडिओवरून सांगत बसले की सगळं पिवळं खाण्याचं नाही, आणि शेवटी नोव्हेंबरमध्ये पाकिटांचा रंग निळा करायचं ठरवलं. एवढ्या मोठ्या फौजेला जे आधी सुचलं नाही ते आपल्याला बॅनर करताना सुचलं पाहिजे, की बघणारा माणूस काय समजेल. आपल्याला काय सांगायचंय हा नंतरचा विषय.

आता खऱ्या मुद्द्यावर येतो, "आपल्याकडं कुठलं आलंय सुरुंग" याच्यावर.

विहिरी. आपल्या भागात वर चार फूट माती आणि खाली खडक. खडक लागला की कंप्रेसरचा ट्रॅक्टर येतो, भोकं मारतात, जिलेटीनच्या कांड्या भरतात, त्या उडवणाऱ्या केपा (डिटोनेटर) जोडतात आणि संध्याकाळी बार काढतात. लहानपणी आम्ही लांब बांधावर बसून बार मोजायचो, कारण विहीरवाला पण मोजत असायचा. आठ भोकं भरली आणि सात आवाज आले तर एक बार तसाच राहिला. तो राहिलेला बार म्हणजे न फुटलेला दारूगोळाच की, फरक एवढाच की तो शत्रूनं टाकलेला नाही, आपणच पैसे देऊन ठेवलाय. जाणता माणूस त्या दिवशी खाली उतरत नाही. पण मजूर रोजावर असतात, ट्रॅक्टरचं भाडं तासावर चालू असतं, मालक वरून "बघ की रे जरा" म्हणतो आणि कुणीतरी उतरतो.

आणि केपा. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो, चांदीसारखी चकाकणारी ॲल्युमिनियमची बारीक नळी, करंगळीपेक्षा बारीक, एका टोकाला बंद आणि दुसऱ्या टोकातून दोन रंगीत वायरी बाहेर आलेल्या. दिसायला एवढी सुंदर की कुठलंही पोरगं उचलणारच. वायर दिसली की तिला सेल लावून बघणार, कारण विज्ञानाच्या तासाला बल्ब तसाच लावून दाखवतात. मागच्या उन्हाळ्यात आमच्या शेजारच्या गावात एका पोराच्या दप्तरात अशी केप सापडली. पोराला काही झालं नाही, नशीब. पण त्यानंतर जे झालं ते ऐका, बाईंनी ती टेबलाच्या ड्रॉवरमध्ये ठेवली, हेडमास्तरांनी ती ड्रॉवरमधून काढून कपाटात ठेवली, मग कुणीतरी म्हणालं कपाटात नको, मग शिपायानं कागदात गुंडाळून शाळेच्या मागच्या बाजूला खड्डा काढून पुरली. म्हणजे शाळेच्या आवारात आता खरोखरचा सुरुंग पेरला की! नंतर एका पालकानं ओळखीच्या खाणवाल्याला आणून ती काढून नेली. यात मूर्ख कुणीच नाही, सगळे शिकलेले. फक्त सांगायचं कुणाला हे एकालाही माहीत नव्हतं, आणि ज्यांना माहीत होतं त्यांना पोलिसात सांगितलं तर आपल्यालाच बसवून ठेवतील याची भीती.

तिसरं म्हणजे डुकराचे बाँब. हे चंदगड-खानापूरच्या जंगलाकडेच्या कुठल्याही माणसाला सांगायला नको. रानडुकरं मारायला टाकतात, वरून खायचा गोळा, आत दारू, चावलं की फुटतंय. डुक्कर चावतंच असं नाही, म्हैस चावते, कुत्रं तोंडात धरून अंगणात आणतं. केरळात मे २०२० मध्ये गाभण हत्तीणीनं स्फोटकं भरलेलं फळ खाल्लं आणि नदीत उभ्या-उभ्या जीव सोडला, त्यावर देश हळहळला होता, तेच इकडं म्हशीचा जबडा फाटला तर चार ओळींची बातमी पण येत नाही. आता हे बेकायदा आहे असं आपण स्टेजवरून सांगू शकतो, टाळ्या पण पडतील. पण रात्रीत अर्धा एकर रताळी उकरून गेलेल्या शेतकऱ्याला ते सांगून बघा. त्याला कुंपणाच्या तारेत करंट सोडणारं झटका मशीन कुठं मिळतं, फॉरेस्टवाल्यांकडं नुकसानीचा अर्ज कसा करायचा, हे त्याच सभेत सांगितलं नाही तर तो उठून जाणार, आणि मी त्याला दोष देणार नाही.

या कामात जगभर जे लोक आहेत ते धोका पत्करणाऱ्यांचे पाच प्रकार करतात. एक, ज्याला काही माहीतच नाही. दुसरा, ज्याला धोका आहे हे माहीत आहे पण काय करायचं ते माहीत नाही. तिसरा, ज्याला चुकीचं माहीत आहे. चौथा, ज्याला सगळं माहीत आहे पण मस्ती आहे. पाचवा, ज्याला सगळं माहीत आहे पण पोटासाठी जावंच लागतं. मला हे फार पटलं, कारण आमच्या गावात हे पाचही आहेत आणि आमचा बॅनर फक्त पहिल्यासाठी होता. दप्तरवालं पोरगं पहिलं, बाई दुसऱ्या, पुरणारा शिपाई तिसरा, आमचं मंडळ चौथं आणि विहिरीत उतरणारा मजूर पाचवा. पाचव्याला माहिती देऊन काही होत नाही. त्याच्या मालकाशी बोलावं लागतं.

पाचव्या प्रकारात भंगार पण आलं. लाओस म्हणून देश आहे, अमेरिकेनं १९६४ ते १९७३ मध्ये त्याच्यावर २० लाख टनांहून जास्त बाँब टाकले, त्यात चेंडूएवढे छोटे बाँबच २७ कोटी, आणि त्यातले कोट्यवधी फुटलेच नाहीत. तिथली माणसं अजूनही ते लोखंड गोळा करतात, विकतात आणि मरतात, माहीत असून. लांबचं वाटतंय? आपल्या नगरजवळच्या के. के. रेंजवर फौजेचा सराव झाला की आसपासचे लोक भंगारासाठी आत शिरतात, त्यात जीव गेलेत. वर्ध्याला पुलगावच्या डेपोजवळ २० नोव्हेंबर २०१८ ला जुना दारूगोळा नष्ट करताना स्फोट झाला, ६ जण गेले, त्यात मजुरीला गेलेली गावातली माणसं होती. लोखंडाला रेट आहे तोवर माणूस जाणार. म्हणून मी म्हणतो की आमच्या मोहिमेचा पहिला कार्यक्रम शाळेत नको, भंगारवाल्यांबरोबर पाहिजे. टेम्पो घेऊन 'लोखंड, प्लास्टिक, जुनी बॅटरी' करत येणारा माणूस आमच्या चाळीस गावांत फिरतो, एका आमदारापेक्षा जास्त घरं त्यानं बघितलीत. त्यानं एकदा सांगितलं की नळी, केप, गोळा असलं काही मी घेणार नाही, आणलं तर हात लावणार नाही, तर ते ऐकलं जाईल. कारण त्यात पैशाचा मामला आहे. आणि गॅस कटर लावणारा पण तोच, म्हणजे सगळ्यात आधी मरणार पण तोच, त्याला हे वेगळं पटवून द्यावं लागणार नाही.

पोलिसांच्या भीतीचं मात्र मला अजून उत्तर सापडलेलं नाही. आपल्याच कर्नाटकात २०२१ च्या जानेवारीत शिमोग्याजवळ हुणसोडूला जिलेटीनची गाडी उडाली, आणि पुढच्याच महिन्यात चिक्कबळ्ळापूरकडं हिरेनागवल्लीला बेकायदा साठवलेलं जिलेटीन गुपचूप विल्हेवाट लावायला नेताना ६ जण गेले. धाड पडेल म्हणून लपवायचं, लपवलं म्हणून घाईत हलवायचं, घाईत हलवलं म्हणून फुटायचं. ११२ ला फोन करा म्हणून आम्ही पाटी लावू, पण फोन केल्यावर "तुझ्याकडं आलं कुठून" हा पहिला प्रश्न असेल तर दुसरा माणूस फोन करणार नाही, तो खड्डाच काढणार. यावर सुभेदार काकांचं म्हणणं असं की बीटच्या पोलिसालाच कार्यक्रमाला बोलवा आणि सगळ्यांसमोर त्याच्याच तोंडून वदवून घ्या की सापडलेली वस्तू सांगणाऱ्यावर केस होणार नाही. चारशे माणसांसमोर बोललेला शब्द फिरवणं अवघड जातंय. बघूया, येतो काय.

प्रदर्शन भरवायची आयडिया काकांनी जागच्या जागी मोडून काढली. आमच्या डोक्यात होतं की थर्माकोल-लाकडाचे डमी सुरुंग, डमी गोळे करायचे, टेबलावर मांडायचे, पोरांनी हातात घेऊन बघायचे, सेल्फी काढायचे. काका म्हणाले, "हात लावू नको म्हणून शिकवायचं आणि हातातच द्यायचं, हे कसलं शिक्षण?" खरंच आहे, पोराच्या हाताला एकदा सवय झाली की डोकं नंतर काय सांगणार. शिवाय चार डमी बघितले की पोरांना वाटतं धोका या चारच आकारांत येतो, पाचवा आकार दिसला की उचलला. म्हणून फक्त चित्रं, आणि ती पण थोडी. तसंच घरातल्या वस्तूंचं, काही पेन्शनवाल्यांच्या घरात फौजेची निशाणी म्हणून काहीबाही असतंय, आमच्याच एका नातेवाईकाच्या देवघरात गोळ्याच्या पितळी खोळीत अगरबत्त्या खोवलेल्या मी बघितल्यात, खोळ रिकामीच आहे, रोज पुसून लख्ख केलेली. पण त्या घरातला नातू बाहेर तसंच काही पितळी दिसलं तर देवाचंच समजणार. हे त्या आजोबांना कोण सांगणार? मी तर नाही. सुभेदार काकाच सांगू शकतात, फौजीला फौजीच.

पोरांना मगावाची गोष्ट सांगायची असं पक्कं झालंय. मगावा हा एक उंदीर, चेष्टा नाही, आफ्रिकेतल्या मोठ्या जातीचा, वासावरून सुरुंग शोधायला शिकवलेला, वजन एवढं कमी की पाय पडला तरी सुरुंग उडत नाही. कंबोडियात त्यानं ७१ सुरुंग शोधून दिले, २०२० ला त्याला इंग्लंडच्या संस्थेनं सोन्याचं मेडल दिलं, जानेवारी २०२२ ला म्हातारपणानं गेला. आमच्या गणपती मंडळाला उंदराचं मेडल म्हटल्यावर काय आनंद झालाय.

तारखेचं मात्र गुंत्यात पडलंय. ४ एप्रिल म्हणजे शाळेच्या परीक्षांचा मोसम, बाई म्हणाल्या त्या आठवड्यात एक तास पण मिळणार नाही. एसडीएमसीच्या, म्हणजे शाळेच्या पालक समितीच्या, अध्यक्षांना भेटलो, ते म्हणाले जूनमध्ये करा. जूनमध्ये करून काय उपयोग? आपल्याकडं विहिरी काढायच्या, गाळ काढून खोल करायच्या त्या सगळ्या एप्रिल-मे मध्ये, पाणी खाली गेल्यावर. पोरांना सुट्टी पण तेव्हाच, दिवसभर रानात, आंब्याखाली, कुणाच्या तरी अर्धवट विहिरीच्या काठावर. धोका आणि पोरं एकाच वेळी रानात असतात आणि शाळा बंद. म्हणून शाळेतला तास मार्चच्या शेवटी उरकायचा, आणि बाकीचं सुट्टीत, कचरागाडीवरून. ग्रामपंचायतीची गाडी रोज सकाळी गाणं लावत फिरते, तिच्यावर कन्नडमध्ये एक मिनिट आणि मराठीत एक मिनिट रेकॉर्डिंग, मागची दवंडी समजा. बायकांसाठी त्यांच्या बचत संघाची आठवड्याची मिटिंग आहेच, हप्ते भरून झाले की पाच मिनिटं मागून घ्यायची. गुरं घेऊन रानात जास्त बायकाच जातात, हे मंडळातल्या एकाच्याही डोक्यात आलं नव्हतं, माझ्या बायकोनं सांगितलं.

पाटीच्या भाषेवरून वाद होणारच होता, झाला. मी सरळ सांगितलं, वर कन्नड, खाली मराठी, आणि दोन्हीपेक्षा मोठं चित्र. क्रशरवर आणि विहिरीवर येणारे मजूर कुठले कुठले असतात, त्यातल्या कितीजणांना कुठलीच पाटी वाचता येत नाही. एकजण रुसून ग्रुपमधून लेफ्ट झाला, संध्याकाळी परत ॲड केला.

आणि शिवजयंती. वैशाखात बेळगावात रात्रभर चित्ररथ चालतात, आसपासची सगळी गावं लोटतात, यंदा आमचं मंडळ एक सजीव देखावा याच विषयावर करणार असं मी बोलून बसलोय. गड चढणारे मावळे सोडून हे कोण बघणार असा सूर आहे, त्याला माझं उत्तर असं की पुढच्या अर्ध्या रथावर मावळे असू देत, मागच्या अर्ध्यावर विहीर, एक पोरगं, त्याच्या समोर ती चकाकणारी नळी, आणि पोरगं हात मागं घेऊन आल्या वाटेनं मागं सरकतंय. तेवढंच, परत परत. स्फोट दाखवायचा नाही, धूर नाही, लाल लाईट नाही. डिझायनर पोराला हे मुळीच पटलेलं नाही, त्याला धूर पाहिजेच आहे.

काम झालं की नाही हे मोजायचं कसं, तर आधी पंधरावीस पोरांना आणि तेवढ्याच मोठ्या माणसांना एकच प्रश्न विचारून ठेवायचा, "बांधावर अशी नळी दिसली तर काय करशील?" उत्तरं जशीच्या तशी लिहून घ्यायची, हसायचं नाही, सुधारायची नाहीत. पावसाळा लागल्यावर त्याच माणसांना तोच प्रश्न. हे मी सुरू पण केलंय. आतापर्यंत आलेल्या उत्तरांत 'बाबांना देणार' सगळ्यात जास्त, म्हणजे हातात घेऊन घरी आणणार, आणि एकानं 'ओएलएक्सवर टाकणार' असं सांगितलंय, तो मोठ्या माणसांतला आहे.

सध्या अडलंय ते दोन ठिकाणी. कंप्रेसरवाल्यांची बैठक लावायचीय, ते सिझनमध्ये सापडत नाहीत, म्हणून पुढच्या शनिवारी बाजाराच्या दिवशी बेळगावात गाठायचं ठरलंय. आणि सुभेदार काकांनी स्टेजवर बोलायला अजून होय म्हटलेलं नाही, म्हणतात मी लिहून देतो, तू वाच. कुणाची त्यांच्याशी चांगली ओळख असेल तर एकदा जाऊन या, सकाळी नऊच्या आधी, नंतर ते रानात असतात.